तिचा डोळा असा का होता?

आमच्या वडीगोद्रीत एखादीची सासू खाष्ट असली, की तिला नाव ठेवायला बायकांना फार विचार करावा लागत नाही. अगदी ललिता पवार आहे गं, एवढं म्हटलं की झालं! पुढचं काही सांगायची गरजच उरत नाही. ज्यांनी आयुष्यात धड चार सिनेमे पाहिलेले नाहीत, अशा म्हाताऱ्यासुद्धा हे नाव अगदी सहज वापरतात. पोरंटोरं तर एक डोळा बारीक करून, ओठ मुडपून हुबेहूब नक्कल करतात आणि सगळं घर हसतं.

हसायला हरकत नाही. पण तो डोळा तसा बारीक का होता, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे? मेकअप असेल, नाहीतर अभिनय असेल, असंच बहुतेकींना वाटतं. काहींना तर बाईच मुळात तशी असेल, असंही वाटतं!

मैत्रिणींनो, मी फिजिओथेरपिस्ट आहे. धुळे-सोलापूर हायवेवरचं, अंबड तालुक्यातलं हे माझं गाव. आजूबाजूला कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, कापूस, मोसंबीच्या बागा. त्यामुळे माझ्याकडे येतात ते गुडघे, कंबर आणि आखडलेले खांदे. पण अधूनमधून एखादी बाई अशी येते, की ती पदरानं अर्धं तोंड झाकूनच दारात उभी राहते. पदर बाजूला करायच्या आधीच मला तिचं दुखणं कळतं. आपल्याकडे त्याला तोंडावरून वारं गेलं म्हणतात, कुणी लकवा म्हणतं, वैद्य अर्दित म्हणतात. त्या बाईला पहिल्या दिवशी व्यायाम शिकवायच्या आधी मी ललिताबाईंची गोष्ट सांगते. आज तीच तुम्हाला सांगते.

ललिताबाईंचा जन्म १८ एप्रिल १९१६ चा, नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचा. हो, तेच पैठण्यांचं येवलं! त्यांचं माहेरचं नाव अंबा. वडील लक्ष्मणराव सगुण हे रेशमी आणि सुती कापडाचे व्यापारी. घर खाऊनपिऊन सुखी. अशा घरातली मुलगी सिनेमात जाईल, हे त्या काळात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा तारामतीच्या कामासाठी त्यांना बाई मिळालीच नाही. शेवटी अण्णा साळुंके नावाच्या तरुणाला लुगडं नेसवून उभं करावं लागलं. त्यानंतर जेमतेम पंधरा वर्षांत येवल्याची ही अंबू कॅमेऱ्यासमोर उभी होती. तेही लहान वयात!

तो मूकपटांचा जमाना होता. मूकपट म्हणजे आवाज नाही, संवाद नाही. राग, प्रेम, भीती, लाज, जे काही दाखवायचं ते चेहऱ्यानं आणि डोळ्यांनी दाखवायचं. म्हणजे अभिनयाचं पहिलं शिक्षण या मुलीला मिळालं ते चेहऱ्याच्या स्नायूंचं. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढं हाच चेहरा तिच्या हातातून गेला.

अंबूची ललिता झाली आणि बघता बघता ती नायिका झाली. आज ऐकून खरं वाटणार नाही, पण १९३० च्या दशकातल्या ललिताबाई म्हणजे देखणी, धाडसी, हाणामारीच्या स्टंटपटांतही शोभणारी नायिका. बोलपट आले तेव्हा भले भले कलावंत आवाजामुळे मागं पडले. ललिताबाई मात्र टिकल्या, त्यांनी पडद्यावर स्वतः गाणीही म्हटली. नुसतं काम करून त्या थांबल्या नाहीत. ‘कैलास’ (१९३२) या मूकपटाच्या त्या सहनिर्मात्या होत्या. तेव्हा त्यांचं वय होतं अवघं सोळा. पुढं टॉलस्टॉयच्या कादंबरीवर आधारलेला ‘दुनिया क्या है’ हा बोलपटही त्यांनी काढला. मराठीत भालजी पेंढारकरांचा ‘नेताजी पालकर’ केला, वि. स. खांडेकरांच्या कथेवरचा ‘अमृत’ (१९४१) केला. पंचविशीच्या आत इतकं काही! अजून वीस वर्षं तरी नायिका म्हणून चालेल, अशीच गाडी होती.

आणि मग १९४२ साल उजाडलं.

‘जंग-ए-आझादी’ नावाच्या चित्रपटाचं शूटिंग चालू होतं. प्रसंग असा, की नायिकेच्या थोबाडीत मारायची. मारणारे होते मास्टर भगवान. पुढं ‘अलबेला’मुळे (१९५१) घराघरात पोचलेले आपले भगवानदादाच ते. कसरतीचं, कमावलेलं शरीर, हातात जोर. अंदाज चुकला आणि ती थप्पड अभिनयाची न राहता खरीखुरी बसली. मनात काही वाकडं नव्हतं, तो निव्वळ अपघात होता. पण परिणाम भयंकर झाला. ललिताबाईंच्या डाव्या डोळ्याची रक्तवाहिनी फुटली आणि चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. वय वर्षं सव्वीस!

एका थपडेनं असं होतं का, असा प्रश्न मला हमखास विचारला जातो. म्हणून इथं जरा थांबून आपल्या चेहऱ्याची रचना समजून घेऊ.

चेहऱ्याला हलवणारी नस ही मेंदूतून निघणारी सातवी नस. ती कानामागच्या हाडातल्या अगदी चिंचोळ्या बोगद्यातून येते, कानाच्या पाळीच्या खाली बाहेर पडते आणि मग गालावर पसरते. तुमच्या हाताचा पंजा कानाजवळ मनगट येईल असा गालावर ठेवून बघा. पाच बोटं जशी पसरतात, साधारण तशाच या नसेच्या पाच मुख्य फांद्या. एक कपाळाकडे, एक डोळ्याकडे, एक गालाकडे, एक हनुवटीकडे आणि एक मानेकडे. भुवई उचलणं, डोळा मिटणं, नाक फुगवणं, हसणं, फुंकर मारणं, चूळ भरणं... सगळं या एका नसेच्या जिवावर चालतं. उजवीकडची वेगळी, डावीकडची वेगळी. यातली एक बंद पडली, की अर्धा चेहरा मुखवट्यासारखा होतो.

ही नस बंद पडायला मार लागायलाच हवा असं नाही. बऱ्याचदा काहीही झालेलं नसतं. रात्री चांगली झोपलेली बाई सकाळी उठते, चूळ भरायला जाते आणि पाणी एका कोपऱ्यातून ओघळतं. चूल फुंकायला जाते तर हवा भलतीकडूनच निघते. घास गालात अडकून राहतो. डोळा मिटायला जावं तर मिटत नाही, उलट बुबुळ वर जातं आणि पांढरा डोळा तेवढा दिसतो. तो पाहून घरचे घाबरतात आणि बाहेरचं काहीतरी लागलं म्हणून भलतीकडेच धावतात. प्रत्यक्षात बुबुळ वर जाणं हे आपल्यापैकी बहुतेकांचं होतं, फक्त पापणी मिटलेली असते म्हणून ते दिसत नाही! या प्रकाराला चार्ल्स बेल या एकोणिसाव्या शतकातल्या शल्यवैद्याच्या नावावरून बेल्स पाल्सी म्हणतात. दर वर्षी लाखात पंधरा ते तीस जणांना तो होतो. मधुमेह असलेल्यांना आणि गरोदर बायकांना, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, त्याचा धोका जास्त असतो.

ललिताबाईंचं प्रकरण मात्र माराचं होतं, आणि साल होतं १९४२. आज या दुखण्यात नसेची सूज उतरवायला डॉक्टर जे स्टेरॉइड देतात, ते तेव्हा औषध म्हणून अस्तित्वातच नव्हतं. त्या जातीचं पहिलं औषध रुग्णाला दिलं गेलं १९४८ मध्ये. चेहऱ्याच्या स्नायूंना पद्धतशीर पुन्हा शिकवणं वगैरे तर फार पुढची गोष्ट. आपल्या देशात फिजिओथेरपीचं रीतसर शिक्षण मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झालं तेच १९५० च्या दशकात. म्हणजे मालीश, शेक, विजेचे झटके आणि वाट पाहणं, एवढंच त्या काळच्या बहुतेक रोग्यांच्या हातात होतं. ललिताबाईंची जवळजवळ तीन वर्षं उपचारांत गेली. लुळेपणा बराचसा गेला, पण डावा डोळा कायमचा बारीक राहिला.

दुखावलेली नस पुन्हा वाढते, पण किती हळू? दिवसाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे महिन्याला जेमतेम इंचभर! आणि वाढताना कधीकधी तिचे धागे वाट चुकतात. ओठाकडे जायचा धागा डोळ्याकडे जातो. मग बाई हसली की तिचा डोळा आपोआप मिचकतो, घास चावताना पापणी ओढली जाते. अशा बायका मी पाहिल्या आहेत. त्या डोळा मारत नसतात हो! पण बघणाऱ्यांना ते कोण सांगणार?

आता त्या सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून बघा. जिचा चेहरा हेच भांडवल, तिचा चेहरा गेला. पडद्यावर तर तो दहापट मोठा दिसणार. नायिकेची कामं संपली, हे सांगायला कुणी ज्योतिषी नको होता. पहिला संसारही टिकला नाही. दिग्दर्शक गणपतराव पवार यांच्याशी झालेलं लग्न मोडलं. पुढं निर्माते राजप्रकाश गुप्ता यांच्याशी त्यांनी लग्न केलं. पण चेहरा, काम आणि संसार यांतलं काहीच धड नाही, असा एक काळ त्यांच्या वाट्याला आला. येवल्याला परत जाऊन दार लावून बसल्या असत्या, तरी कुणी नाव ठेवलं नसतं.

त्यांनी दार लावलं नाही. नायिका म्हणून नाही तर नाही, पण काम करायचं, हे त्यांनी ठरवलं. १९४४ मध्ये ‘प्रभात’चा ‘रामशास्त्री’ आला. गजानन जागीरदारांचे रामशास्त्री प्रभुणे आणि ललिताबाईंची आनंदीबाई. ‘ध’ चा ‘मा’ करणारी म्हणून आपण जिला ओळखतो, तीच. अपघाताला पुरती दोन-तीन वर्षंही झाली नव्हती. ज्या चेहऱ्यामुळे नायिकापद गेलं, तोच चेहरा घेऊन ही बाई कॅमेऱ्यासमोर परत आली, आणि तो लपवायचा प्रयत्न न करता तिनं तो वापरला. पुढं व्ही. शांतारामांच्या ‘दहेज’मध्ये (१९५०) हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू त्यांनी अशी रंगवली, की बायका थिएटरात बसून बोटं मोडायच्या. तिथून सुरू झाली ती खाष्ट सासवांची रांग. चित्रपटांचा आकडा सातशेच्या घरात जातो म्हणतात. कामाची वर्षं मोजली तर सात दशकांच्या जवळपास!

पण मला खरं सांगायचंय ते पुढचं आहे.

‘श्री ४२०’ (१९५५) आठवा. फुटपाथवर केळी विकणारी गंगामाई. तोंडानं फटकळ, पण परगावाहून आलेल्या फाटक्या राजला माया लावणारी. ‘अनाडी’ (१९५९) आठवा. मिसेस डिसा, भाड्यासाठी ओरडणारी आणि त्याच हातानं जेवायला वाढणारी घरमालकीण. या कामासाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर पारितोषिक मिळालं. ‘आनंद’मधली (१९७१) मेट्रन आठवा, मरणाच्या दारात असलेल्या राजेश खन्नाला आईसारखी दटावणारी. ‘प्रोफेसर’मध्ये (१९६२) तर त्यांनी पोट धरून हसवलं. १९६१ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आता सांगा, या सगळ्या भूमिकांत त्यांचा डोळा वेगळा होता का? नाही ना! ‘दहेज’मधल्या सासूचा जो डोळा, तोच मिसेस डिसाचा डोळा. एकात तो पाहून आपल्याला धडकी भरली आणि दुसऱ्यात त्याच डोळ्यात पाणी आलं तर आपणही रडलो. म्हणजे दुष्टपणा डोळ्यात नव्हताच. तो होता त्या भूमिकेत, आणि थोडासा आपल्या बघण्यात. वाकडं तोंड म्हणजे वाकडं मन, बारीक डोळा म्हणजे आतल्या गाठीची बाई, हे आपण आधीच ठरवून बसलेलो असतो. ललिताबाईंनी आपल्या या समजुतीचा पुरेपूर उपयोग करून घेतला आणि मिसेस डिसा होऊन ती खोटीही पाडली. आपण मात्र त्यांच्या नावाची शिवी लक्षात ठेवली आणि मिसेस डिसाला विसरून गेलो.

२५ जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं आणि सत्तरीतल्या ललिताबाई मंथरा होऊन घराघरांत आल्या. तेव्हा खेड्यांत टीव्ही असायचा एखाद-दुसऱ्याच घरी. रविवारी सकाळी त्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. राम आला की हात जोडायचे आणि मंथरा आली की बायका तिला तोंडावर शिव्या द्यायच्या. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ती मालिका पुन्हा लागली. तेव्हाच्या सुनांच्या सुना आता पडद्यासमोर बसल्या होत्या, पण मंथरेला मिळणाऱ्या शिव्या त्याच! एका नटीसाठी याहून मोठी पावती नाही. पण तोच बारीक डोळा शेजारच्या बाईच्या चेहऱ्यावर आला, तर?

तर काय होतं, ते मी रोजच्या कामात पाहते. तोंडावरून वारं गेलेली बाई पहिल्यांदा आरशाकडे पाठ फिरवते. मग हळदीकुंकवाला जाणं बंद होतं. लग्नाच्या घरात ती मागं मागं राहते, फोटोत येत नाही. बाळंतीण असेल तर बाळाकडे बघून हसायला घाबरते. लग्नाची मुलगी असेल तर आई-बाप कुणाला कळू देत नाहीत, आणि कळू द्यायचं नाही म्हणून दवाखान्यातही नेत नाहीत. कुणी मंतरलेला दोरा आणतं, कुणी कानात भलतंसलतं तेल ओतायला सांगतं. असे दोन-तीन आठवडे निघून जातात. आणि नेमके हेच दिवस मोलाचे असतात, हो!

म्हणून काही गोष्टी अगदी स्पष्ट सांगते. कात्रण काढून ठेवा.

तोंड अचानक वाकडं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. कपाळालाही आठी पडत नसेल, तर दुखणं बहुधा चेहऱ्याच्या नसेचं असतं. कपाळाला आठी नीट पडते आहे पण ओठ ओघळला आहे, हात-पाय जड वाटतोय, बोलणं बोबडं झालंय, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तिथं तासांचा नाही, मिनिटांचा हिशेब असतो. पण हा निवाडा घरी बसून करायचा नाही. तो डॉक्टरांनाच करू द्यायचा.

बेल्स पाल्सी असेल तर डॉक्टर बहुतेक वेळा स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. त्या पहिल्या बहात्तर तासांत, म्हणजे तीन दिवसांत सुरू झाल्या तर फायदा चांगला होतो. मधुमेह असेल, गरोदर असाल तर ते आधी सांगायचं. कानात दुखत असेल किंवा पुरळ-फोड आले असतील तर तेही सांगायचं, कारण मग उपचार थोडे बदलतात. मेडिकलमधून मनानं गोळ्या आणायच्या नाहीत.

डोळा जपायचा. या दुखण्यात सगळ्यात मोठा धोका तोंडाला नसतो, डोळ्याला असतो. पापणी मिटत नाही, त्यामुळे डोळा कोरडा पडतो, धूळ जाते, बुबुळाला जखम होते. दिवसा डॉक्टरांनी दिलेले थेंब, रात्री मलम आणि पापणी हळुवार मिटून टेप. ती कशी लावायची ते दवाखान्यातच शिकून घ्यायचं. शेतात जाताना, मोटारसायकलवर मागं बसताना चष्मा घालायचा. कापूस वेचणीच्या आणि ऊसतोडीच्या दिवसांत तर नक्कीच.

आता व्यायाम. आपल्याकडे सगळ्यांना वाटतं, जितका जोर लावू तितका गुण लवकर. हाताच्या दंडाला ते चालत असेल, चेहऱ्याला नाही! फुगे फुगवणं, च्युइंगम चघळत बसणं, तोंड जोरजोरात वेडंवाकडं करणं यानं चांगली बाजू आणखी जोर करते आणि लुळी बाजू तिच्यामागं फरपटते. व्यायाम आरशासमोर बसून, हळू आणि लहान लहान करायचे. भुवई थोडी उचला. डोळा हलकेच मिटा. ओठ मिटून जेमतेम हसा. फुंकर मारल्यासारखे ओठ पुढं आणा. चांगल्या बाजूला बोटानं हलकं धरून ठेवा, म्हणजे ती ओढाओढ करणार नाही. पाच-दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा, बस्स. ओठ हलवताना डोळा मिचकायला लागला तर हालचाल आणखी लहान करा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. वाट चुकलेल्या धाग्यांना वळण लावायची ती वेळ असते. विजेचे झटके कुणाच्या सांगण्यावरून, मनानं घेऊ नका.

आणि धीर धरायचा. बेल्स पाल्सीत शंभरातल्या साधारण सत्तर जणांचा चेहरा पूर्ववत होतो. बहुतेकांना तीन आठवड्यांत थोडीशी तरी हालचाल दिसू लागते, काहींना सहा-सहा महिने लागतात. तीन महिन्यांनंतरही बरीच कसर राहिली असेल, तर जालना किंवा छत्रपती संभाजीनगरला तज्ज्ञांकडे जायला हवं. ओढला जाणारा डोळा सैल करायला आज इंजेक्शनं आहेत, शस्त्रक्रिया आहेत. ललिताबाईंच्या वेळी अशी इंजेक्शनं नव्हती.

राहिल्या त्या तीस जणी. त्यांच्या चेहऱ्यावर थोडीफार खूण राहते. त्यांना मी काय सांगू? सगळं पहिल्यासारखं होईल, असं खोटं मी सांगत नाही. मी त्यांना ‘अनाडी’तल्या मिसेस डिसा बघायला सांगते. आता काय, मोबाइलवर सगळं मिळतं. ज्या बाईला तीन वर्षांच्या उपचारांनंतरही पहिला चेहरा परत मिळाला नाही, ती त्यानंतर पन्नासेक वर्षं त्याच चेहऱ्यानं पोट भरत राहिली, बक्षिसं मिळवत राहिली, आई झाली, मावशी झाली, मेट्रन झाली. आपल्याला नुसतं हळदीकुंकवाला जायचंय!

उतारवयात ललिताबाई पुण्यात औंधला राहत होत्या. कर्करोगानं त्यांना गाठलं होतं. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी त्या गेल्या. तेव्हा त्या घरात एकट्याच होत्या. ज्यांच्या येण्यानं पडद्यावरचं अख्खं घर थरथरायचं, त्या बाई गेल्याचं कळायलाही वेळ लागला. मन चरकतं हे वाचून. पण त्यांच्या आयुष्याकडे बिचारी म्हणून बघायला मला आवडत नाही. बिचारेपण त्यांनी १९४२ सालीच नाकारलं होतं.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात, गल्लीत, भिशीत एखादीचं तोंड वाकडं झालंय असं कळलं, तर दोन गोष्टी करा. तीन दिवस उलटायच्या आत तिला घेऊन दवाखाना गाठा, तिची वाट बघू नका, ती लाजेनं निघणार नाही. आणि ती पुन्हा चारचौघींत येईल तेव्हा तिच्याशी बोलताना नजर चुकवू नका, टक लावूनही बघू नका. नेहमीसारखं तिच्या डोळ्यांकडे बघून बोला. गोळ्या डॉक्टर देतील, व्यायाम आम्ही शिकवू. पण हे एक काम आमच्या हातात नाही, ते तुम्हालाच करावं लागेल.